थोरल्या मुलीची गोष्ट

“सर, जादूटोण्याची पुस्तकं मुलीनं वाचावीत का?” नववीतल्या एका मुलीच्या अम्मींनी आम्हाला विचारले. वर मुलीसमोरच म्हणाल्या, “आधीच ही ढ. हुशार ती धाकटी.”

उत्तर देण्यापूर्वी आम्ही ते पुस्तक वाचायला घेतले. इंग्रज लेखिका डायना विन जोन्स यांची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ ही १९८६ सालची कादंबरी. ती आवडली, म्हणून मग त्यांची आणखीही वाचली.

या कादंबरीतली सोफी तीन बहिणींत थोरली. परीकथांत यश धाकटीलाच मिळते, तेव्हा आपल्या हातून काही होणार नाही, असे तिने मनाशी पक्के केलेले. टोप्यांच्या दुकानात ती मान खाली घालून शिवत बसते. एक चेटकीण तिला शाप देऊन म्हातारी करते, आणि नवल म्हणजे तेव्हाच सोफीची भीड चेपते. ती घराबाहेर पडते. पुढे कळते, की सोफी जे बोलते ते वस्तूंत उतरते. मग ‘मी कुचकामी’ असे स्वतःलाच सांगत राहणाऱ्या मुलीचे काय होत असेल?

जोन्स (१९३४–२०११) स्वतःही तीन बहिणींत थोरल्या. आईवडिलांचे मुलींकडे फारसे लक्ष नसे. वडिलांनी आर्थर रॅन्सम यांच्या पुस्तकांचा संच आणला, पण कुलपात ठेवला. तिघींत मिळून वर्षाला एक पुस्तक बाहेर निघे. वाचायला काही नाही, म्हणून छोटी डायना स्वतः गोष्टी लिहून बहिणींना वाचून दाखवू लागली.

राहिला जादूचा प्रश्न. सिहर आपल्याकडे हराम आहे, तेव्हा अम्मींची काळजी रास्तच. पण ही पुस्तके जादू शिकवत नाहीत. जिन्न आणि उडता गालिचा तर अलिफ लैलामुळे आपल्या ओळखीचेच. जोन्स यांच्या ‘कॅसल इन द एअर’मध्ये (१९९०) तेही भेटतात. तिचा नायक अब्दुल्ला हा गालिचे विकणारा तरुण आहे.

आम्ही अम्मींना म्हणालो, “पुस्तक खुशाल वाचू द्या. भीती वाटते ती दुसऱ्याच मंत्राची. ‘ही ढ’ हा मंत्र घरात रोज म्हटला, तर तो लागू पडतो.”

त्या काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने पुस्तक परत करायला स्वतः आल्या. म्हणाल्या, “सर, दुसरं असेल तर द्या. रात्री ती धाकटीला वाचून दाखवते. मीही ऐकते.”