ऐंशीच्या स्पीडला घरघर: आवाज नेमका येतोय कुठून?

कंडिशन मॉनिटरिंगमध्ये पीएचडी करायची इच्छा असलेले विद्यार्थी बहुतेक वेळा एकच चित्र डोक्यात घेऊन येतात. सेन्सर लावायचा, डेटा घ्यायचा, एफएफटी काढायचा, सगळ्यात उंच पीक शोधायचं आणि त्यावरून बिघाड सांगायचा. नुसत्या पीकवरून बिघाड कळत असता तर या विषयात पीएचडी करायला काही उरलंच नसतं. खरी अडचण कुठे आहे हे दाखवायला मला जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आमच्या विभागाची फील्डवर्कची गाडी घ्या. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह, मीटरवर २,३०,००० किमी. तक्रार अशी की ताशी ८० किमीच्या आसपास फरशी थरथरते आणि खालून घरघर येते. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, खोलावा लागेल, चाळीसेक हजार धरून चला. दुसरा म्हणाला टायर बदला. गाडी चालवणारे काका म्हणाले, "हाऊसिंग बोलतंय." तीन अनुभवी कान आणि तीन उत्तरं. इथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. उगाच गिअरबॉक्स उघडला तर पैसे गेले. आणि दोष प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये असताना टायर बदलून समाधान मानलं, तर एखाद्या दिवशी विद्यार्थ्यांनी भरलेल्या गाडीखाली घाटात शाफ्ट सुटून पडू शकतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. टायरवर २३५/७५ आर १५ लिहिलंय. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. टायरची रुंदी २३५ मिमी, आणि तिच्या ७५ टक्के उंचीची बाजूची भिंत वर एकदा, खाली एकदा. एकूण व्यास साधारण ७३४ मिमी, परीघ २.३ मीटर. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ९.६ वेळा फिरतं. वजनाने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा वाढतो. आपण १० हर्ट्झ धरू.

डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला ४१ वेळा फिरेल. पुन्हा सोपं करू, ४० म्हणू. पिनियनला १० दात असतील तर क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांना ४०० हर्ट्झला भिडतात. काकांना ऐकू येणारी "हाऊसिंगची" रडण्यासारखी आवाजपट्टी साधारण इथे असते. ती थरथर नसते, ती कानाला लागते. तक्रार फरशीच्या थरथरीची आहे, म्हणून हाऊसिंगला मी सुरुवातीलाच यादीत खाली टाकलं होतं. पण काढून टाकलं नव्हतं.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्रॉस, हा मजेशीर प्राणी आहे. दोन शाफ्टमध्ये कोन असेल तर एक शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत असूनही दुसरा एका फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ५ अंश असेल तर हा चढउतार अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, १० अंशांना दीड टक्क्यापर्यंत जातो. दोन्ही टोकांना क्रॉस असतो, आणि दोन्ही कोन सारखे व योक एका रेषेत असतील तर डिफरन्शियलपर्यंत पोहोचणारा वेग पुन्हा एकसारखा होतो. मधला शाफ्ट मात्र स्वतः चढउतार करतच राहतो. फेरीला दोनदा, म्हणजे ८० हर्ट्झला.

इथे गंमत सुरू होते. चौथा गिअर बहुतेक वेळा डायरेक्ट असतो, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. शाफ्ट ४० हर्ट्झ, म्हणजे इंजिन २४०० आरपीएम. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीत दोन सिलिंडर पेटतात. म्हणजे इंजिनाचा ठोकाही ८० हर्ट्झचाच! तुमच्याकडे लाखभर रुपयांचा अ‍ॅक्सिलरोमीटर असला आणि ८० हर्ट्झला झकास पीक आलं, तरी ते इंजिन माउंटमुळे आहे की क्रॉसमुळे, हे ते पीक सांगू शकत नाही. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. संख्याशास्त्रात याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि जास्त डेटा घेऊन ते सुटत नाही. प्रयोग बदलावा लागतो.

बदल फुकट आहे. वेग ८० ठेवून पाचवा गिअर टाका. पाचव्याचं गुणोत्तर ०.८ धरलं तर इंजिन १९२० आरपीएमवर येईल आणि त्याचा ठोका ६४ हर्ट्झला सरकेल. शाफ्ट आणि चाकं जिथे होती तिथेच राहतील. थरथर सरकली तर इंजिनाकडे बघा, नाही सरकली तर गिअरबॉक्सच्या मागे. आमच्या गाडीत ती जागची हलली नाही. गिअरबॉक्समधले चौथ्याला आणि पाचव्याला वेगळे वागणारे बरेचसे भाग त्याच वेळी संशयातून सुटले. चाळीस हजारांचा प्रश्न एका गिअरने बराचसा मिटला.

यानंतरच्या चाचण्यांचं तत्त्वही हेच: एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की शाफ्ट फिरत राहतो पण त्यावरचा जोर जातो. (इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. आणि उतारावर हा प्रयोग अजिबात करायचा नाही.) आमची थरथर यात कमी झाली, पण गेली नाही. पुढचे हब हाताने अनलॉक करता येत असतील तर टू-व्हीलमध्ये ते मोकळे करा. पुढचा शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल फिरायचं थांबतं, म्हणजे अर्धी गाडी एका झटक्यात यादीबाहेर. आमच्याकडे यानेही काही फरक पडला नाही. व्हील बेअरिंगचा संशय असेल तर हलकंसं डावी-उजवीकडे वळवून बघा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, आणि आवाज तेव्हा वाढला तर उजवीकडचं बेअरिंग तपासा. डांबरीवरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर.

अजून एक. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळताना गाडी अडखळते, कुरकुरते, आणि लोक घाबरून गॅरेजला जातात. पार्ट-टाइम गाडीत हा बिघाड नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, पण ट्रान्सफर केसने दोघांना एकत्र बांधलेलं असतं, त्यामुळे सगळी यंत्रणा पिळली जाते. फोर-व्हील फक्त निसरड्या जमिनीवरच वापरायची.

आमच्या गाडीचा गुन्हेगार शेवटी मागच्या शाफ्टवरच सापडला. ओझ्यासाठी कुणीतरी मागच्या लीफ स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकला होता. मागची बाजू उचलली गेली, शाफ्टचा कोन वाढला, आणि आधीच कोरडा पडलेला एक क्रॉस त्यात झिजला. हाताने शाफ्ट हलवला तर प्ले जाणवत होता. क्रॉस बदलला, पाटा काढला, ८० हर्ट्झची थरथर गेली.

आणि मग १० हर्ट्झचा एक हलका हेलकावा जाणवायला लागला, जो आधी कुणाच्या लक्षातच आला नव्हता. जास्त धावलेल्या गाडीचं हेच दुखणं असतं. तिथे एक आजारी भाग आणि बाकी निरोगी गाडी असं चित्र नसतं. क्रॉस, स्प्लाइन, डिफरन्शियल, रबर बुश, सगळ्यांत थोडा थोडा प्ले असतो, आणि गॅस सोडून पुन्हा दिल्यावर येणारा "टक" हा त्या सगळ्यांची बेरीज असतो. "निरोगी अवस्थेचा डेटा" नावाची गोष्ट तुमच्याकडे नसते.

म्हणूनच केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीच्या बेअरिंग डेटासेटवर ९९ टक्के अचूकता दाखवणारे पेपर मी जरा जपून वाचते. डेटासेट उत्तम आहे, सगळ्यांनी त्यावर हात साफ करावा. पण त्यातले दोष इलेक्ट्रो-डिस्चार्ज मशीनिंगने मुद्दाम कोरलेले आहेत, एका वेळी एक, चाचणीच्या टेबलावरच्या मोटरवर. तुमच्या गाईडने "हे फील्डमध्ये चालेल का?" असं विचारलं तर त्या प्रश्नाचा अर्थ वरच्या परिच्छेदात आहे.

मोबाइलवर मोजणार असाल तर एक सापळा आधीच सांगून ठेवते. बरीच अ‍ॅप्स अ‍ॅक्सिलरोमीटर सेकंदाला १०० वेळा वाचतात, म्हणजे फक्त ५० हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं. फिल्टर पुरेसा नसेल तर ८० हर्ट्झची थरथर पडद्यावर २० हर्ट्झला उगवते. २० म्हणजे चाकाच्या वेगाच्या बरोबर दुप्पट, आणि तुम्ही खुशाल टायर अंडाकृती झालाय असं लिहून मोकळे व्हाल. अ‍ॅपचा सॅम्पलिंग रेट बघितल्याशिवाय एकही निष्कर्ष काढू नका. शिवाय वेग ७८ ते ८२ असा हलत असेल तर ४० हर्ट्झचं पीक ३९ ते ४१ असं पसरतं. रेकॉर्डिंग कितीही लांब घेतलं तरी ते टोकदार होत नाही, त्यासाठी ऑर्डर ट्रॅकिंग लागतं. त्यावर पुढची पोस्ट.

तोपर्यंत घरच्या किंवा कॉलेजच्या गाडीच्या टायरवरचा नंबर आणि मॅन्युअलमधली गिअरची गुणोत्तरं घेऊन ६०, ८० आणि १०० च्या वेगाला चाक, शाफ्ट आणि इंजिन यांचा तक्ता करा. कुठल्या गिअरमध्ये कुठले दोन आकडे एकमेकांवर बसतात ते शोधा आणि कमेंटमध्ये टाका. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्टचा रकाना रिकामा राहील, तिथे ड्राइव्ह शाफ्ट चाकाच्याच वेगाने फिरतो.