घाईचं भाडं

घरपोच किराण्याने प्रदूषण वाढतं की घटतं, हे आधी ग्राहक दुकानात कसा जात होता त्यावर ठरतं. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली हा हिशेब मांडला. प्रत्येकाने आपापली कार काढण्याऐवजी एकाच गाडीने घरोघरी सामान पोचवलं, तर कार्बन डायऑक्साइड 20 ते 75 टक्के घटतो. जवळजवळची घरं एका फेरीत घेतली तर आणखी घटतो. ऑनलाइन खरेदीचे समर्थक हे आकडे आवडीने सांगतात. पण पिंपरी-चिंचवडमधली काळेवाडी म्हणजे सिएटल नव्हे. इथे इमारतीखालीच वाण्याचं दुकान, गल्लीच्या तोंडाशी भाजीची हातगाडी. चालत जाणाऱ्याचं पेट्रोल शून्य. त्याच्याऐवजी कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा लिटर दूध घेऊन स्कूटर येऊन-जाऊन चार किलोमीटर धावली, तर जेमतेम 90 मिलिलिटर पेट्रोल जळतं, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. एका फेरीपुरतं हे किरकोळच; पण सकाळी दूध, दुपारी लिंबं, रात्री चिप्स, आणि तेही घरटी!

आता सामान पोचवणारे बरेच जण ई-स्कूटरवरून येतात, हे खरं. धूर त्याने नक्कीच कमी होतो. पण आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच तयार होते, आणि दर ऑर्डरमागे येणारी पिशवी काही विजेवर चालत नाही. ती शेवटी मोशीच्या कचरा डेपोतच जाते. चाकणहून कामाची पाळी संपवून परतणाऱ्या बाईने किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी काय करायचं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्यांना सामान घरी यायलाच हवं. ते दहा मिनिटांत यायला हवं का, हा प्रश्न वेगळा. महिन्याची यादी घेऊन दहा घरांचं सामान एकाच फेरीत टाकणारा वाण्याचा पोऱ्या ॲप येण्याआधीपासून हेच काम करतोय. कारने डी-मार्ट गाठणाऱ्या कुटुंबाने महिन्याचा किराणा एकदम मागवला, तर सिएटलचं गणित त्यालाही लागू पडतं.

दहा मिनिटांचं वचन दिलं की स्कूटरला शेजारच्या इमारतीतल्या ऑर्डरसाठी थांबता येत नाही. मोठ्या बिलावर डिलिव्हरी मोफत, ही युक्ती फेऱ्या थोड्या कमी करते. पण रक्कम भरायला नको असलेलं बिस्किट पुडक्यात शिरतं. त्यापेक्षा ‘उद्या सकाळी चालेल’ म्हणणाऱ्याला मोफत आणि ‘आत्ताच हवं’ म्हणणाऱ्याला भाडं, असा दर लावला तर एका गल्लीचं सामान एका फेरीत येईल.