शेजारधर्म आणि व्यापारबंदी : क्यूबाची कहाणी

शेजाऱ्याच्या घरीं वाटीभर साखर मागावयास जाण्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. परंतु साखर हेंच ज्यांच्या भांडणाचें एक मोठें निमित्त झालें, असे दोन शेजारी देश अटलांटिक महासागराच्या पश्चिमेस आहेत. एक अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व दुसरा क्यूबा. फ्लॉरिडाच्या टोकाशीं असलेलें की वेस्ट बेट व क्यूबाचा किनारा यांमध्यें अंतर अवघें ९० मैलांचें. परंतु १९६२ सालीं या दोघांमधील व्यापाराचें दार जें लागलें, तें साठ वर्षें उलटलीं तरी पूर्णपणें उघडलें नाहीं. असें कां व्हावें?

१८९८ च्या युद्धांत स्पेनची सत्ता गेली आणि १९०२ सालीं क्यूबा स्वतंत्र झाला. तरी त्याच्या कारभारांत हात घालण्याचा हक्क अमेरिकेनें १९३४ पर्यंत राखून ठेविला होता. बेटाचें सारें जीवन उसावर, आणि साखरेचें मुख्य गिऱ्हाईक अमेरिका. तिनें दरसाल किती साखर घ्यावयाची, तो वाटा अमेरिकाच ठरवी. एकाच पिकावर व एकाच सावकारावर विसंबलेल्या शेतकऱ्याची जी स्थिति, तीच क्यूबाची होती.

जानेवारी १९५९ मध्यें हुकूमशहा बाटिस्टा पळून गेला व फिडेल कॅस्ट्रो यांच्या हातीं सत्ता आली. नव्या सरकारनें मोठ्या जमिनी ताब्यांत घेतल्या. त्यांत अमेरिकन कंपन्यांच्या जमिनीहि होत्या. १९६० मध्यें साखरेच्या मोबदल्यांत रशियाचें तेल येऊं लागलें. तें शुद्ध करण्यास परकीय कंपन्यांनीं नकार देतांच क्यूबानें त्यांचे कारखाने घेतले. जुलैंत अमेरिकेनें साखरेचा वाटा तोडला. क्यूबानें आणखी मालमत्ता घेतली. ऑक्टोबरांत अमेरिकेनें अन्न व औषधें वगळून बाकीची निर्यात थांबविली. अशा रीतीनें उट्ट्यावर उट्टें चढत गेलें. अखेर ३ फेब्रुवारी १९६२ रोजीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं जवळजवळ सर्व व्यापार बंद करणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली. सही करण्यापूर्वीं त्यांनीं आपल्याकरवीं सुमारें १,२०० क्यूबन चिरूट आणवून ठेविले होते, असें त्यांचे वृत्तसचिव पियर सॅलिंजर यांनीं पुढें सांगितलें. बंदी घालणारास तिची झळ सर्वांच्या आधीं लागत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

या बंदीचा हेतु काय? अमेरिकन परराष्ट्रखात्याच्या एप्रिल १९६० मधील एका टिपणांत तो उघडपणें नमूद आहे : पैसा व माल अडवावा, त्यायोगें लोकांत उपासमार व निराशा पसरावी आणि सरकार उलथून पडावें. उपासमारीची वेळ आली. सरकार मात्र पडलें नाहीं. तीस वर्षें रशिया तेल देई व चढ्या भावानें साखर घेई. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला आणि तो आधार नाहींसा झाला. तेलावांचून मोटारगाड्या थांबल्या, रस्तोरस्तीं सायकली आल्या, शेतांत ट्रॅक्टरांच्या जागीं पुन्हां बैल जुंपले गेले. शिधापत्रिकेवर मिळणारें धान्य महिनाभर पुरेना. याचें सारें खापर बंदीच्या माथीं फोडणें न्यायाचें होणार नाहीं. सरकारी मक्तेदारीचे दोषहि तितकेच खरे आहेत. परंतु प्रत्येक उणिवेसाठीं पुढें करावयास त्या सरकारला एक आयती सबब मिळाली, हें बंदी घालणारांच्या ध्यानीं आलें नाहीं.

मग ती उठविली कां गेली नाहीं? फेब्रुवारी १९९६ मध्यें क्यूबाच्या लढाऊ विमानांनीं परागंदा क्यूबनांच्या एका संघटनेचीं दोन लहान विमानें पाडलीं व चार माणसें मेलीं. त्या संतापांत अमेरिकन काँग्रेसनें हेल्म्स-बर्टन कायदा केला. एका सहीनें सुरू झालेली बंदी त्यानें कायद्यांत गोंविली. आतां ती समूळ उठविण्यास काँग्रेसचीच संमति हवी. त्यामुळें राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळांत २०१५ सालीं वकिलाती पुन्हां उघडल्या, २०१६ सालीं ते स्वतः हवानास जाऊन आले, तरी बंदी उठली नाहीं. आणि त्यांनीं दिलेल्या पुष्कळशा सवलती पुढील राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं २०१७ पासून काढून घेतल्या. एक फट मात्र राहिली : २००० सालच्या कायद्यानें रोख पैसे घेऊन धान्य व कोंबडीचें मांस विकण्यास मोकळीक मिळाली. शत्रु म्हणविणाऱ्या देशाची कोंबडी क्यूबाच्या ताटांत पडूं लागली ती अशी.

१९९२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें या बंदीविरुद्ध वारंवार ठराव केले. २०२४ सालीं ठरावाच्या बाजूनें भारतासह १८७ राष्ट्रें होतीं, विरुद्ध अमेरिका व इस्राएल हीं दोनच. परंतु हे ठराव बंधनकारक नसतात.

दोन म्हशींच्या टकरींत झाडाचा चुराडा होतो, असें म्हणतात. या टकरींत एका सरकारचा हेतु साधला नाहीं, दुसऱ्याची सत्ता गेली नाहीं. शिध्याच्या दुकानापुढें रांगेंत उभी राहिली ती हवानांतील गृहिणी. व्यापारबंदी घालतांना ती कोणत्या अटीवर, केव्हां व कोणीं उठवावयाची हें आधींच ठरवून ठेविलें नाहीं, तर रागाच्या भरांत लाविलेलें दार नातवंडांनाहि उघडतां येत नाहीं.