मदत पोचायला हवी दसऱ्याआधी

गरीब घरातल्या मुलीच्या शिक्षणाला मदत करायची म्हटले की आपल्याकडे दोन महिने ठरलेले आहेत. जूनमध्ये वह्या-दप्तरांचे वाटप होते आणि मार्चमध्ये आयकराच्या सवलतीसाठी देणगी दिली जाते. ऊसतोड कामगाराच्या मुलीची शाळा मात्र सुटते ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. तिचे वर्ष कसे चालते आणि देणगीचा पैसा त्यात नेमका कुठे उपयोगी पडतो, हे बीड जिल्ह्यातली सातवी-आठवीची एखादी मुलगी डोळ्यांपुढे ठेवून क्रमाने पाहू.

सुरुवात उचलीपासून होते. हंगाम सुरू होण्याआधीच मजूर पुरवणारा मुकादम कामगारांना आगाऊ रक्कम देतो, तीच उचल. तिचा हिशेब माणशी नसतो, कोयत्यावर असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत दोघांनाही उसाच्या फडातून सुटका नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुटुंब पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. आई पहाटेच ऊस तोडायला गेली की कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला कोण पाहणार, पाणी कोण भरणार, भाकऱ्या कोण थापणार? म्हणून मुलीला सोबत नेतात. थोडी मोठी झाली की ती उसाचे वाढे बांधू लागते, मोळ्या उचलू लागते. गावी परतते तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. पटावर नाव आहे, पण अर्धे वर्ष बुडालेले. असे दोन-तीन हंगाम गेले की ती स्वतःच शाळेचे नाव काढत नाही.

कायद्याने वाट ठेवलेली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला कुठल्याही शाळेत, वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकही दिले जाते. पण फड हलत राहतो, शाळा लांब पडते आणि कर्नाटकात गेले तर वर्गात कन्नड चालते. त्यामुळे मुलीने मागे राहणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. त्यासाठी जिल्हा परिषदेमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर झाली, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. काही स्वयंसेवी संस्थांची स्वतःची निवासी सोयही आहे.

चांगल्या संस्थेचे काम ऑगस्टमध्येच सुरू होते. कार्यकर्ती शिक्षकांना सोबत घेऊन, यंदा कोणत्या घरातली माणसे तोडीला जाणार याची यादी करते. मग संध्याकाळी, आई-वडील दोघेही घरी असताना ती जाते. खरी अडचण तिथे कळते. आजी म्हणते, ‘‘माझंच मला होईना, तरणी पोर मी कशी सांभाळू? काही बरंवाईट झालं तर?’’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. रात्री मुलगी कुठे झोपणार, दाराला कडी आहे का, बाई मुक्कामाला असणार का, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेणार, हे आईला ऐकायचे असते. तिला वसतिगृह आधी दाखवले की बोलणे पुढे सरकते. धाकट्या भावंडाचीही सोय झाली तर बहुतेक घरे तयार होतात.

आता पैशाकडे येऊ. किराणा, गॅस, स्वयंपाकीण, मुक्कामी अधीक्षिका, सॅनिटरी पॅड, औषधे, रात्रीचा अभ्यास घेणारी ताई, एवढ्यावर वसतिगृह चालते. हा खर्च पहिल्या दिवसापासून लागतो. सरकारी मंजुरी किंवा अनुदान महिनाभर लांबले तर तोवर गाडी भरून कुटुंब निघून गेलेले असते. सप्टेंबरमध्ये संस्थेच्या हातात रक्कम असेल तर हा खड्डा भरता येतो. आणखी एक लहानसा खर्च फार मोलाचा असतो, तो म्हणजे फोनचा. संध्याकाळी आई फडावरून कोपीवर आली की मुलीशी दोन मिनिटे बोलते. हे बोलणे चुकले की आईचा जीव टांगणीला लागतो आणि मुलीला बोलावून घेण्याचा विचार सुरू होतो.

पुढचा धोका उन्हाळ्यातला. आठवीनंतर मोफत शिक्षणाच्या कायद्याचे छत्र संपते आणि लगीनसराईत स्थळे येऊ लागतात. लग्न झाले की नवा कोयता तयार, नवी उचल मिळते. अशा वेळी शाळा बंद आहे म्हणून संस्थेचे काम थांबले तर आधीची मेहनत वाया जाते. १८ वर्षांखालच्या मुलीचे लग्न ठरत असेल तर गावचा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८ आहे. पण तक्रारीपेक्षा, मुलीचा पुढचा प्रवेश पक्का झालेला असणे जास्त कामी येते.

बारावीनंतर चित्र पुन्हा बदलते. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे मुदतीत लागतात. आई-वडील फडात असतील तर तहसील कार्यालयात खेटे कोण घालणार? दाखले काढून देणारी ताई हा संस्थेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी खर्च आहे. फी माफ झाली तरी खोलीभाडे आणि मेस दरमहा द्यावीच लागते. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेसारखी मदत मिळते, पण ती खात्यात पडेपर्यंतचे महिने निभवायचे असतात. तिथे दात्याने दरमहा ठरावीक रक्कम दिली की मुलगी शहरात टिकते.

म्हणून संस्था निवडताना नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहा आणि शिवाय तीन गोष्टी विचारा. स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी तुम्ही कोणत्या महिन्यात करता? मागच्या वर्षीच्या मुलींपैकी एप्रिलनंतर किती जणी शाळेत राहिल्या? दहावीनंतर त्यांच्याशी कोण बोलत राहते? नेमकी उत्तरे मिळाली तर तिथे निःशंक मनाने द्या आणि ऑगस्टमध्ये द्या. फोटो आणि फलकाची अपेक्षा न ठेवता, अधीक्षिकेच्या पगारासाठी, किराण्यासाठी द्या. या खर्चाला दाते सहसा मिळत नाहीत, आणि मुलीची शाळा टिकते ती त्याच्याच जोरावर.