गोव्याच्या नोंदवह्या आणि लिस्बनचा पासपोर्ट

लिस्बनच्या नागरिक सेवा केंद्रात ओळखपत्राच्या खिडकीपाशी जे घडतं, ते फार थोडं असतं. कर्मचारी समोरच्याचा जन्मनोंदणी क्रमांक संगणकात घालतो. उंची मोजली जाते, फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतले जातात, सही होते आणि काम संपतं. पुढे जे कार्ड हाती येतं, त्याच्या मागच्या बाजूला आई आणि वडील दोघांची नावं छापलेली असतात. गोवा, दमण किंवा दीवहून आलेल्या माणसाला या खिडकीवर पोर्तुगीज बोलता येतं का, हे कुणी विचारत नाही. त्या देशाच्या इतिहासाबद्दलही प्रश्न नसतात. विचारण्याचं कारणच उरलेलं नसतं, कारण म्हापसा, मडगाव, फोंडा किंवा पणजीच्या नोंदणी कचेरीतल्या एका जुन्या पानावरून निर्णय आधीच झालेला असतो. चार दिवसांची लिस्बनवारी हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत हलका भाग आहे. माझं म्हणणं असं, की ज्याला आपण वंशानं मिळणारं नागरिकत्व म्हणतो, ते प्रत्यक्षात नोंदीनं मिळतं. रक्ताचं नातं कितीही खरं असो, ते योग्य वेळी, योग्य माणसानं, योग्य वहीत लिहवून ठेवलेलं नसेल तर कायद्याच्या लेखी त्याला किंमत नाही. एवढं मान्य केलं, की या विषयावरच्या गोव्यातल्या बऱ्याच वादांचा रोख बदलतो.

मुळात हा हक्क आला कुठून, ते आधी पाहू. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा, दमण आणि दीव भारतात आले. त्याआधी तिथे जन्मलेली माणसं पोर्तुगीज कायद्यानुसार पोर्तुगालचीच नागरिक होती. भारतानं 28 मार्च 1962 च्या आदेशानं, 20 डिसेंबर 1961 पूर्वी या प्रदेशात जन्मलेल्या, किंवा ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी तिथे त्याआधी जन्मलं होतं अशा सर्वांना एका झटक्यात भारतीय नागरिक मानलं. ज्यांना जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांनी महिन्याच्या आत तसं लेखी कळवायचं होतं. पोर्तुगालला मात्र हे विलीनीकरणच मान्य नव्हतं. तिथली हुकूमशाही एप्रिल 1974 मध्ये कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 रोजी दिल्लीत करार झाला आणि लिस्बननं भारताचं सार्वभौमत्व स्वीकारलं. पण भूमीवरचा दावा सोडला म्हणून त्या भूमीवर आधी जन्मलेल्या माणसांचं नागरिकत्व पोर्तुगालनं काढून घेतलं नाही. 1981 च्या पोर्तुगीज नागरिकत्व कायद्यानं पुढची पायरी बांधली: पोर्तुगीज नागरिकाचं मूल परदेशात जन्मलं तरी त्याची जन्मनोंद पोर्तुगालमध्ये झाली, की ते जन्मतःच पोर्तुगीज ठरतं. म्हणजे 1961 पूर्वी जन्मलेल्या आईची किंवा वडिलांची नोंद आधी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवायची आणि मग त्या आधारावर मुलांची. नातवंडांसाठी थेट वाट नंतरच्या दुरुस्त्यांनी उघडली, पण तिथे भाषेचं ज्ञान आणि पोर्तुगीज समाजाशी नातं दाखवण्याची अट आहे. म्हणून गोव्यातली बहुतेक कुटुंबं मधली पिढी हयात असताना तिच्याच नावावरून साखळी पुढे नेतात. 

या साखळीची पहिली कडी म्हणजे 'तेओर'. मूळ नोंदवहीतल्या मजकुराची ही जशीच्या तशी साक्षांकित नक्कल. आजकालच्या जन्मदाखल्यात पाच-सहा रकाने असतात. तेओरमध्ये एक पूर्ण निवेदन असतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या गावात मूल जन्मलं; आईवडील कोण, कुठले, काय करणारे; आईकडचे आणि वडिलांकडचे आजीआजोबा कोण; जन्माची वर्दी कोण द्यायला आलं होतं, साक्षीदार कोण, सही कुणी केली आणि कुणाला सही येत नव्हती. मजकूर पोर्तुगीजमध्ये, त्या काळच्या कारकुनाच्या तिरक्या हस्ताक्षरात. पानाच्या कडेला समास सोडलेला असतो आणि त्या समासात पुढे आयुष्यभर टिपणं पडत राहतात: अमुक सालात लग्न झालं, अमुकाशी, अमुक तारखेला मृत्यू. ज्याचं लग्न झालं पण समासात त्याची टीप पडली नाही, त्याचं पान अपुरं. एका माणसाचं सगळं नागरी आयुष्य एकाच पानावर जमा करत जाण्याची ही पद्धत आपल्याकडच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या वेगवेगळ्या दाखल्यांपेक्षा कितीतरी विचारपूर्वक आखलेली आहे. नागरी नोंदणी सक्तीची होण्याआधीच्या काळासाठी चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आहेत, आणि त्यातली पुष्कळशी आज पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. पण ती ख्रिस्ती कुटुंबांची. एवढ्या मागे जायची वेळ आली, तर हिंदू कुटुंबाच्या हाती त्या तोडीचं फारसं काही लागत नाही.

अडचणी इथूनच सुरू होतात आणि त्या अगदी बारीक असतात. पोर्तुगीज लेखनात 'क'साठी सी किंवा क्यू, 'श'साठी एक्स. त्यामुळे नोंदवहीतला नाईक आणि भारतीय पासपोर्टवरचा नाईक इंग्रजी अक्षरांत दोन वेगळी माणसं दिसतात. प्रभूंचा 'पोरोबो' झालेला असतो. मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र, कधी नावदुरुस्तीचा अर्ज, कधी न्यायालय. यापेक्षा मोठी अट अपत्यसंबंधाची. पोर्तुगीज कायद्यात आईवडिलांशी असलेलं नातं मूल अज्ञान असतानाच कायदेशीररीत्या प्रस्थापित झालेलं असेल, तरच नागरिकत्वासाठी सामान्यतः धरलं जातं. ते सिद्ध करायचे सरळ मार्ग दोन: आईवडिलांचं लग्न जन्माआधी नोंदलं गेलेलं असणं, किंवा जन्माची वर्दी स्वतः पालकानं दिलेली असणं. गोव्यात जन्मलेल्याच्या जुन्या पानावर वर्दी देणाऱ्याचं नाव असतं. पण गोव्याहून नोकरीसाठी मुंबईला आलेल्या जोडप्याचं मूल गिरगावात किंवा माहीममध्ये जन्मलं, तर महापालिकेच्या दाखल्यावर वर्दी कोणी दिली हे छापलेलंच नसतं. ती माहिती मूळ वर्दीच्या फॉर्मवर राहते, आणि तिथेही बहुधा इस्पितळाचं नाव असतं. मग सगळा भार आईवडिलांच्या विवाहनोंदीवर येतो. गोव्यात नागरी विवाहासाठी नोंदणी कचेरीत दोनदा सही करावी लागते, पहिली इच्छा नोंदवताना आणि दुसरी हरकतीची मुदत उलटल्यावर. देवळात लग्न थाटात झालं आणि दुसरी सही राहून गेली असेल, तर चाळीस वर्षांनी मुलाच्या फाइलमध्ये ती उणीव वर येते. त्या मुलाचा वंश दोन्ही सह्या झालेल्या शेजारच्या घरातल्या मुलाइतकाच खरा असतो. फरक फक्त एका कचेरीतल्या एका फेरीचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कागदाचा हा हट्ट निर्दय आहे. नातं सर्वांना ठाऊक आहे, गाव साक्ष द्यायला तयार आहे, मग एका सहीवाचून माणसाला नाकारायचं? आक्षेपात तथ्य आहे आणि तो मला हलक्यानं घ्यायचा नाही. पण नोंदीची अट सैल केल्यावर काय होतं, याचं उदाहरण पोर्तुगालनंच घालून दिलं आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगालमधून ज्यांना हाकललं किंवा बळजबरीनं ख्रिस्ती केलं, त्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचा कायदा 2013 मध्ये झाला आणि 2015 पासून तो अमलात आला. हेतू उदात्त होता. ऐतिहासिक अन्यायाची ती उघड कबुली होती. पाचशे वर्षांची अखंड नोंद कुणाकडेही असणं शक्य नव्हतं, म्हणून लिस्बन आणि पोर्तू इथल्या ज्यू समाजसंस्थांचं प्रमाणपत्र, आडनाव आणि कौटुंबिक परंपरा यांवर भर राहिला. पुढे बड्या धनवंतांना मिळालेल्या नागरिकत्वावरून चौकशा झाल्या आणि 2022 मध्ये नियम कडक झाले. ज्यांचा दावा खरा होता, त्यांच्याकडेही संशयानं पाहिलं जाऊ लागलं. इटलीनं तर पिढ्यांना मर्यादा नसलेला आपला वंशाधारित हक्क 2025 मध्ये मुख्यतः आईवडील आणि आजीआजोबांपर्यंत आवरून घेतला. लांबच्या वंशाचे दावे वाढले की राज्यसंस्था ते आखडते. गोव्याचा हक्क आजवर टिकला, त्यामागे एक कारण मला असं दिसतं, की तो एका ठरावीक तारखेआधी जन्मलेल्या, नोंद असलेल्या माणसापासून सुरू होतो आणि तिथूनच मोजला जातो. नोंदीची कठोरता माणसाला छळते हे खरं. त्याच कठोरतेमुळे फोंड्याच्या सामान्य घरातल्या माणसाचा दावा ओळखीपाळखी किंवा पैसा नसताना उभा राहतो, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आणि जास्त बोचरा: ज्या सत्तेविरुद्ध लोकांनी तुरुंग भोगले, तिचा पासपोर्ट घेणं म्हणजे मुक्तिलढ्याचा अपमान. या भावनेचा मला आदर आहे. मुक्तिलढ्याचे नेते टी. बी. कुन्हांना ज्या राजवटीनं पोर्तुगालमधल्या किल्ल्यात डांबलं, तिच्याबद्दल गोवेकरानं ममत्व बाळगावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण पासपोर्ट मागणाऱ्यांचं पुढे काय झालं ते पाहा. पोर्तुगीज कागद हाती आल्यावर यांतले कितीतरी जण पोर्तुगालमध्ये थांबलेच नाहीत. ते इंग्लंडला गेले, साउथॉलला, स्विंडनला. दमण आणि दीवचे लेस्टरला. गोदामात, विमानतळावर, वृद्धाश्रमात काम मिळालं. त्यांना हवा होता युरोपीय संघात कुठेही नोकरी करण्याचा हक्क. 31 डिसेंबर 2020 ला ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि नव्यानं येणाऱ्यांसाठी इंग्लंडचं ते दार बंद झालं. आखातात मुदतीच्या करारावर जाणाऱ्या कामगाराला आपण देशद्रोही म्हणत नाही, त्याच्या घरच्या मनीऑर्डरीचं कौतुकच करतो. स्विंडनला जाणाऱ्यालाही तोच न्याय लावायला हवा.

खरा फरक दुसरीकडे आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. राज्यघटनेच्या 9 व्या अनुच्छेदानुसार आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमानुसार, स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. 'दुसरा पासपोर्ट' पहिल्याच्या शेजारी ठेवता येत नाही. मतदान, निवडणुकीला उभं राहणं आणि सरकारी नोकरी हे सारं त्याबरोबर जातं. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड मिळालं तर राहता आणि काम करता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. परदेशी पासपोर्ट घेणं हा परकं नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा, असं नागरिकत्व नियमांत स्पष्ट म्हटलं आहे. संदिग्धता आहे ती त्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल. केवळ लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली, ओळखपत्र काढलं, पण पासपोर्ट घेतला नाही, तर भारतीय नागरिकत्व गेलं की राहिलं? पोर्तुगालच्या दृष्टीनं नोंद म्हणजे जन्मापासून असलेल्या नागरिकत्वाची दखल. नवीन काही मिळालेलंच नाही. भारताच्या दृष्टीनं तीच नोंद म्हणजे आपण होऊन टाकलेलं पाऊल ठरू शकतं. दोन कायदे एकाच कृतीकडे उलट्या दिशांनी पाहतात, आणि मधला माणूस मतदार यादीत नाव ठेवावं की काढावं, या विवंचनेत राहतो. भारतीय पासपोर्ट उशिरा परत करणाऱ्यांच्या बाबतीत तो 'परत केला' की 'रद्द झाला', एवढ्या फरकावर ओसीआय मिळणं अडून राहू लागलं आणि 2024 मध्ये तो गोव्यात लोकसभेच्या प्रचाराचा विषय झाला.

काहींचं म्हणणं, हे सगळं संदिग्धच राहू द्यावं. स्पष्ट नियम केला तर गोव्यातून जाणाऱ्यांचा ओघ वाढेल. मला हे पटत नाही. जायचं ठरवलेला माणूस संदिग्धतेमुळे थांबत नाही, तो एजंटाकडे जातो. फाइल कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्याचा भारतातल्या हक्कांवर काय परिणाम होतो, हे सांगणारं अधिकृत कुणी नसलं की एजंट म्हणेल ते खरं. जन्मनोंदीचा टप्पा कोणता, ओळखपत्राचा कोणता आणि नागरिकत्व नेमकं कधी संपतं, हे गृहमंत्रालयानं एका ओळीत जाहीर केलं तर वृद्ध आईची नोंद मुलांसाठी उतरवणाऱ्या आणि स्वतः काणकोण सोडून कुठेही न जाणाऱ्या बाईला निदान आपलं पेन्शन आणि मतदान सुरक्षित आहे का, हे तरी कळेल. आणि गोवा सरकारनं करायचं काम आणखी साधं आहे. 1961 पूर्वी जन्मलेली सगळ्यांत तरुण माणसंही आता साठी ओलांडून गेली आहेत. त्यांची पानं असलेल्या वह्या पावसाळी हवेत, वाळवीच्या तोंडी राहता कामा नयेत. त्यांचं स्कॅनिंग, समासातल्या अपुऱ्या टिपा पूर्ण करून घेण्याची सोय आणि नक्कल ठरलेल्या मुदतीत देणं, एवढं तालुक्याच्या कचेरीत झालं पाहिजे. वारसा, जमीन आणि विवाहसंपत्ती यांसाठी गोव्याच्या नागरी कायद्यात हीच पानं लागतात, मग माणूस लिस्बनला जावो की पेडण्यात राहो.