रजईतली हवा

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या यवतमाळकडे पेटीतल्या रजया उन्हात पडतात. रजईत ऊब असते, असे आपण म्हणतो. खरे तर रजई काहीच तापवत नाही; तापवतो तो आत झोपलेला माणूस. ती फक्त त्याच्या अंगची उष्णता बाहेर जायला वेळ लावते. आणि हे कामही रुईपेक्षा हवाच जास्त करते.

हिशेब करून पाहा. दोन किलो रुईची रजई. लांबी २ मीटर, रुंदी दीड, जाडी ३ सेंटिमीटर. आकारमान झाले ९० लिटर. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट, म्हणजे निव्वळ तंतूंनी व्यापलेली जागा जेमतेम १.३ लिटर. उरलेली सगळी हवा!

स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. पण मोकळी हवा स्थिर राहत नाही. तापली की वर चढते आणि तिच्या जागी गार हवा येते. तंतूंचे जाळे तिला जागीच कोंडते. काउंट रमफर्डने तापमापकाभोवती लोकर, कापूस, रेशीम, फर भरून हेच तपासले आणि १७९२ साली प्रसिद्ध केले.

मग जुनी रजई थंडी का धरत नाही? वजन तर तेवढेच असते. कापसाच्या तंतूला लोकरीसारखी उसळी नाही. दाबाखाली तो वाकतो, हवेतला दमटपणा शोषतो आणि तसाच बसतो. जाडी तिनाची एक सेंटिमीटर झाली, की उष्णता जवळपास तिप्पट वेगाने निसटते. उन्हाने रुई थोडी फुलते. पुरती फुलते ती पिंजल्यावरच. पिंजारी एक ग्रॅमही रुई न घालता ऊब परत आणत असे. आता त्याची हाक क्वचितच ऐकू येते. पॉलिएस्टरचा भराव बाजारात जिंकला तो त्याच्या उसळीवर, हे कापूसवाल्यांनी मान्य करायला हरकत नाही.

हे सारे कोरड्या कापडाचे. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, शिवाय वाळताना अंगाचीच उष्णता ओढते. पौषात रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला ओलीत करणाऱ्याचा दुपट्टा एकदा भिजला, की तो अंगावर असण्यापेक्षा नसलेला बरा. मोटरपंपाच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कोरडा जोड ठेवावा, आणि तो जाड नसला तरी सैल असावा.