नव्याचे नऊ दिवस : अभ्यस्ततेविषयी थोडेसे

चतुर्थीच्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी घुमट, शामेळ आणि कासाळ्यांच्या गजरात आरत्या चालतात. शेजारच्याच खोलीत दोन-तीन महिन्यांचे मूल झोपलेले असते. पहिल्या आरतीला ते दचकते, हातपाय पसरते, प्रसंगी रडते. तिसऱ्या-चौथ्या आरतीपर्यंत मात्र त्याला त्याचे काहीच वाटेनासे होते. तेवढ्यात स्वयंपाकघरात एखादे ताट खाली पडले, की तेच मूल खाडकन डोळे उघडते. घुमटांचा गजर काही ताटाच्या आवाजापेक्षा लहान नसतो. मग मूल गजरात झोपून राहते आणि ताटाने जागे होते, हे कसे?

‘नव्याचे नऊ दिवस’ या आपल्या म्हणीत जो अनुभव साठवला आहे, त्याला मानसशास्त्रात अभ्यस्तता, इंग्रजीत हॅबिच्युएशन, म्हणतात. एखादी संवेदना पुनःपुन्हा येत राहिली आणि तिच्यामागून बरे अथवा वाईट काहीच घडले नाही, तर तिला मिळणारा प्रतिसाद क्रमाक्रमाने मंदावतो. पावलॉव्हचा कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. परंतु घंटा ऐकून लाळ गाळण्यासाठी त्याला घंटा आणि अन्न या दोन गोष्टींची सांगड घालावी लागली. अभ्यस्ततेत एकच गोष्ट पुरते, म्हणून तिला शिक्षणाचा सर्वांत साधा प्रकार मानतात. (लाजाळूचे झाडही वारंवार धक्के दिल्यावर पाने मिटायचे थांबते. त्याला शिकणे म्हणावे काय, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि ते भांडण मी वनस्पतिशास्त्रज्ञांवरच सोपवतो.)

येथे एक शंका येते. हे शिकणे कशावरून? मूल नुसते थकले असेल. ताट पडते ते याच शंकेचे उत्तर म्हणून. कान किंवा स्नायू थकले असते, तर नव्या आवाजालाही मूल जागे झाले नसते. ओळखीच्या आवाजाकडे दुर्लक्ष आणि अनोळखी आवाजाकडे लक्ष, हा भेद केवळ मेंदूच करू शकतो.

हे घडते कसे, याचा शोध एरिक कँडेल यांनी अ‍ॅप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईवर घेतला. तिच्या नळीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. दहा-पंधरा स्पर्शांनंतर हे आत ओढणे अगदी नाममात्र उरते. स्पर्श वाहून आणणारी चेतापेशी पुढच्या पेशीकडे रासायनिक द्रव्य कमी प्रमाणात सोडू लागते, एवढाच तो बदल. हाच सराव चार दिवस दिला तर त्याचा परिणाम तीन आठवडे टिकतो. स्मृतीच्या पेशीगत अभ्यासासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या कार्याच्या मुळाशी गोगलगाईचे हे साधेसे ‘दुर्लक्ष’ आहे.

नवजात अर्भकाच्या तपासणीत ब्रॅझेल्टन यांनी १९७३ साली याच गुणाला स्थान दिले. झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवर बॅटरीचा प्रकाश टाकायचा, खुळखुळा वाजवायचा, घंटी वाजवायची, आणि कितव्या वेळेस ते प्रतिसाद देणे थांबवते ते मोजायचे. निरोगी, पूर्ण दिवसांचे मूल लवकर थांबते आणि झोप राखते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी मुलाला हे सहसा तितके साधत नाही. ते प्रत्येक वेळी दचकत राहते आणि दमते. अतिदक्षता कक्षात दिवे मंद ठेवा, मोठ्याने बोलू नका, असा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच.

डिचोलीच्या वाचकांना याची दुसरी बाजू अनुभवाने ठाऊक असेल. वर्षानुवर्षे खनिजाच्या ट्रकांची रांग घरांसमोरून जात होती आणि घरातल्यांना ती ऐकूही येत नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा अनेकांच्या कानांना लागली ती शांतता! सोकोलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने याचे स्पष्टीकरण देऊन ठेवले आहे. मेंदू नेहमीच्या संवेदनेचा एक आराखडा मनात बाळगतो आणि येणारी प्रत्येक संवेदना त्याच्याशी ताडून पाहतो. जुळले तर सोडून देतो. न जुळले, मग ते ‘काहीच नसणे’ का असेना, तर सावध होतो. भिंतीवरचे घड्याळ बंद पडल्यावरच त्याची टिकटिक आठवते, तसे हे.

आता दवाखान्यातील गोष्ट. “याला आवाजाची सवय झाली आहे, ट्रक गेला तरी हलत नाही,” असे पालक कौतुकाने सांगतात. हे वाक्य निरोगी बाळाबद्दल असू शकते, तसेच बहिऱ्या बाळाबद्दलही. दर हजार जन्मांमागे एक ते तीन मुलांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. मी मग दोन प्रश्न विचारतो. पहिल्या-पहिल्यांदा दचकत होता काय? आणि आवाज बदलला, नवीन माणूस मागून बोलले, तर हालचाल थबकते काय? सवय झालेले मूल बदल टिपते. घरी पाठीमागे थाळी वाजवून घेतलेली परीक्षा मात्र फसवी ठरते. कंप आणि वाऱ्याची झुळूक जाणवूनही बहिरे मूल वळू शकते. संशय असो वा नसो, श्रवणाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्यापर्यंत, हा क्रम पाळावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, हेही पालकांना सांगावे.

यातील बेरा ही चाचणी मूल झोपलेले असताना करतात. कानात हजार-दोन हजार सूक्ष्म टकटक आवाज सोडतात आणि मेंदूच्या खोडातून उमटणारा विद्युत्-प्रतिसाद नोंदवतात. हा प्रतिसाद ओसरत नाही. दोन हजाराव्या आवाजालाही खोड उत्तर देते. मूल मात्र स्वस्थ झोपलेले! म्हणजे अभ्यस्तता ही वरच्या मजल्यावरची व्यवस्था आहे. आवाज खालच्या दारातून आत येतच असतो.

पेडणेकरांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. भोवतालच्या गावांतून हल्ली “आता मुले उठत नाहीत” असे ऐकू येते. ते खरेच असणार. जपानमधील ओसाकाच्या विमानतळाजवळ अँडो आणि हात्तोरी यांना १९७० च्या सुमारास असे आढळले होते, की गरोदरपणाच्या पहिल्या पाच महिन्यांत किंवा त्याआधीच तेथे राहावयास आलेल्या मातांची बाळे विमानाच्या आवाजाने फारशी उठत नाहीत. नंतर आलेल्या मातांची उठतात. परंतु न उठणे म्हणजे परिणाम न होणे नव्हे. युरोपातील चार विमानतळांजवळ घरी झोपलेल्या १४० प्रौढांचा रक्तदाब रात्रभर मोजला गेला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विमान गेल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ६ मिलिमीटरने वाढलेला दिसला, झोप न मोडताही.

मुलांविषयीचा सर्वांत बोलका पुरावा म्युनिकचा. १९९२ साली तेथील जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला आणि संशोधकांना आधीचे व नंतरचे ताडून पाहता आले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरले. जुन्याजवळच्या मुलांचे सुधारले. सततच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकताना मुले शिक्षकांच्या शब्दांकडेही दुर्लक्ष करू लागतात, असा एक तर्क मांडला जातो, आणि मला तो पटण्याजोगा वाटतो.

आपल्या संघटनेने मोपा पठाराभोवतीच्या चार-सहा प्राथमिक शाळांत, वर्ग चालू असताना, ध्वनिमापक घेऊन एक आठवडा बसावे. दुसरी ते चौथीच्या मुलांचे वाचन त्याच वेळी तपासून ठेवावे आणि दोन वर्षांनी पुन्हा तपासावे. मुलांना विचारून काही कळणार नाही. त्यांना आवाज ऐकूच येत नसेल.